तिसाव्या मजल्यावरचा गोठा

जर्सी सिटीतला माझा शेजारी तिसाव्या मजल्यावर राहतो आणि गावाकडच्या शांततेवर बोलतो. हॉलमध्ये त्याने एका जुन्या डच एचिंगची, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्राची, प्रिंट लावली आहे: बारीक काळ्या रेघांतलं झाड, ओढा आणि खचलेलं गवती छप्पर. पाहुणा आला की त्याला सोफ्यावरून उठवून तिथे नेतो. "तेव्हा हॉलंडमधले शहरी व्यापारी असली चित्रं घरात लावायचे, यार. गावात राहायला मात्र कोणी जायचं नाही!" आणि खो खो हसतो.

मागे एकदा व्हिडिओ कॉलवर त्याच्या आईला ते दिसलं. "अरे, हा आपला गोठाच की! छप्पर बसलंय बघ. यंदा तरी शाकारायला येतोस ना?"

हल्ली आईचा कॉल आला की तो चित्राला पाठ लावून उभा राहतो. छप्पर झाकलं जातं. झाडाचा शेंडा मात्र त्याच्या डोक्यावरून डोकावतोच.