माहेरच्या नावाचं पार्सल

दसरा उलटला की आमच्या कंपनीला माणसं कमी पडायची आणि संक्रांत झाली की तीच माणसं जड व्हायची. कापूस विकला गेला की खेड्यापाड्यांत खरेदी निघायची. लग्नाची भांडी, कापडाचे गठ्ठे, शिवणयंत्रं, कुणाच्या जावयासाठी सायकल. सगळा माल अमरावतीच्या आमच्या गोदामात यायचा आणि तिथून लॉरीनं गावोगाव जायचा. नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावरची लॉरी माझी. चालवायचो मी, पार्सलं द्यायचो मी, लोकांच्या शिव्याही मीच खायचो. हंगामात तेवढा एक मदतनीस मिळायचा. एकोणीसशे साठच्या आगेमागेची ही गोष्ट आहे.

मदतनीस म्हणजे एकेक नग. एकाला गाडी लागायची. बडनेरा येईस्तोवर त्याचा चेहरा उतरायचा, आणि पुढचा सगळा माल मीच उतरवायचो. एक जण अमरावती ते नांदगाव आपल्या मामेभावाच्या खटल्याची हकिगत सांगायचा. त्या खटल्याचा निकाल काय लागला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण मधेच संक्रांत आली. हे लोक जायचे तेव्हा मी फार गोड बोलायचो नाही. जा बाप्पा, म्हणायचो, आणि गाडी पुसायला घ्यायचो. मग दसऱ्यापर्यंत शेजारची जागा रिकामी. माझी बायको लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी गेली होती, आई तिच्यामागोमाग. गोदामामागच्या खोलीत मी, एक स्टो आणि एक खाट. एकटा माणूस चिडका होतो की चिडका असतो म्हणून एकटा राहतो, देव जाणे. मी दोन्ही होतो.

एका दसऱ्याला बार्शीटाकळीकडचा एक माणूस आला. पन्नाशी उलटलेला, काळ्या मातीत राबलेला, हाडापेरानं मजबूत. मी त्याला मामा म्हणायला लागलो, तो मला भाऊ. अकोल्याला आमच्याच कंपनीचं मोठं गोदाम असताना हा अमरावतीला कशाला आला, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. म्हणाला, हाच रस्ता पायजे होता. मला वाटलं, काही नवस वगैरे असेल. मी पुढे विचारलं नाही. लोकांच्या भानगडीत नाक खुपसायची मला हौस नव्हती.

मामांसारखा मदतनीस मला त्याआधी मिळाला नव्हता आणि नंतरही नाही. पेटी कशी धरायची, गठ्ठा कुठून उचलायचा, एकदा दाखवलं की झालं. दुपारी रस्त्याकडेच्या निंबाखाली आम्ही भाकरी सोडायचो. ते मला ठेचा द्यायचे आणि मी किती खातो ते बघत बसायचे. बोलणं थोडकं. पण गाडीत कुणीतरी आहे, एवढ्यानंच मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, सकाळी गोदामाशी ते उभे दिसले की माझा जीव भांड्यात पडायचा.

त्यांची एकच खोड मला खटकायची. नांदगावच्या पुढे एक गाव होतं. ते जवळ आलं की मामा म्हणायचे, भाऊ, थांबवा जरा, मी मागं बसतो. मागे मालात, ताडपत्रीखाली. गावात मी घरोघर पार्सलं द्यायची आणि हा गडी गठ्ठ्यांच्या आड पडून राहायचा. गाव सुटलं की पुन्हा पुढे हजर. मी आधी समजलो, डुलकी काढतो. मग चिडलो. हंगामाचं माणूस घ्यायचं आणि ओझी आपणच वाहायची, हा कुठला न्याय? पण दोन वर्षं मी त्यांना तोंडावर काही बोललो नाही. न जाणो, उद्या येणंच बंद केलं तर, ही भीती होती.

तिसऱ्या हंगामात, संक्रांत जवळ आलेली असताना, अकोल्याहून एक लहानसं पार्सल आलं. मांजरपाटात शिवलेलं, वर निळ्या शाईत एका बाईचं नाव आणि त्याच गावाचं नाव. बस. ना नवऱ्याचं नाव, ना सासऱ्याचं, ना आडनाव. मी अकोल्याच्या कारकुनाच्या नावानं बोटं मोडली. खेड्यात बाईच्या एकटीच्या नावानं पार्सल पाठवणारा हा कोण शहाणा, असंही मोठ्यानं म्हणालो. मामा बाजूलाच होते. त्यांनी दोरी आवळली.

गावात मी पाराशी विचारलं. तिथल्या म्हाताऱ्यांनी नाव दोनदा ऐकून घेतलं आणि माना हलवल्या. या गावात ह्या नावाची बाईच नाही, म्हणाले. चक्कीवाल्याला विचारलं, दुकानदाराला विचारलं. शेवटी घरोघर विचारत निघालो. एका माडीच्या घरात म्हातारी दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि सांगितलं, आमच्या घरी ह्या नावाचं कोनी नाही. आत कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मी रामराम करून निघालो.

गाव सुटल्यावर मामा पुढे आले. गाडी सुरू व्हायच्या आधीच त्यांनी विचारलं, "देल्लं का?"

मी म्हणालो, कुणाला देणार, तुमच्या डोक्यावर? गावात अशी बाईच नाही. पुढच्या खेपेला पत्ता लागला नाही तर अकोल्याला परत.

नांदगाव आलं, गेलं. मी बघतो तर हा एवढा दांडगा माणूस गमछा तोंडाला लावून बसलेला. मी गाडी बाजूला घेतली. तेव्हा कुठे एकेक सगळं बाहेर आलं.

ते पार्सल त्यांनीच पाठवलं होतं, अकोल्याच्या पुतण्याकडून. ते नाव त्यांच्या लेकीचं. एकुलती एक पोर, आई नसलेली, ह्या गावात दिलेली. लग्नात मानपानावरून तंटा झाला. मामांनी आहेरात दिलेला शेला व्याह्यानं भर मांडवात बाजूला टाकला आणि म्हणाला, हा आमच्या बैलाच्या पाठीवर टाका. मामा ताटावरून उठले. तुमच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही, असं सगळ्यांदेखत बोलले आणि निघून आले. तेव्हापासून तिकडच्या लोकांनी पोरीला दिवाळीलाही पाठवलं नाही, आणि आणायला जायला तिला भाऊ नव्हता. हंगामात ह्या रस्त्यावर लॉरी जाते एवढं मामांना कुणाकडून तरी कळलं. तीन वर्षं ताडपत्रीच्या फटीतून ते गाव बघत होते. एकदाही ती दिसली नव्हती. पार्सलात काळी चंद्रकळा होती, पहिल्या संक्रांतीला द्यायची राहून गेलेली.

मला दया आली असती, पण आधी राग आला. मी म्हणालो, अहो, मग सासऱ्याचं नाव घालायचं की वर! मामा म्हणाले, त्या माणसाचं नाव माह्या हातून नाही लिवल्या जानार. बरं, मी म्हटलं, तेही सोडा. लग्न झाल्यावर पोरीचं नाव बदलतात हे तुम्हाला ठाऊक नाही का? तुम्ही माहेरचं नाव घातलंत. त्या गावाला ते कसं माहीत असणार? सासरचं नाव काय तिचं?

मामांनी गमछा मांडीवर घडी करून ठेवला.

"मले मालूम नाही, भाऊ," ते म्हणाले. "तिकडं तांदळात काय नाव लिवलं, म्या कोनाले इचारलंच नाही. सांगाले आलं कोनी, तर म्या उठून जावो."

बापाला लेकीचं नाव माहीत नाही. मी गाडी चालू केली.

पुढची खेप म्हणजे हंगामाची शेवटची. त्यानंतर मामा जाणार होते, आणि पार्सलही परत जाणार होतं. सकाळपासून मी त्यांच्याशी भांडत होतो. तुम्ही स्वतः चला, म्हणालो. नाही म्हणाले, शब्द गेलेला आहे. मग मी व्याह्याच्या दारात जाऊन देतो, म्हणालो. तेही नको, त्या घरात पार्सल गेलं तर तिच्या हाती पडणार नाही, वर तिलाच बोलणी बसतील. अस्सा राग आला मला! असली माणसं मरतील पण वाकणार नाहीत. मी म्हणालो, तुम्ही काही करू नका, मागे पडून राहा.

गावाच्या अलीकडे ओढ्यावर एक पूल होता. दुपार कलली होती आणि वेचणीच्या बायका कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन रस्त्यानं परतत होत्या. मी लॉरी कडेला लावली, पार्सल हातात घेतलं, खाली उतरलो आणि बोहारणीसारखा ते नाव मोठ्यानं ओरडलो. बायका फिस्सकन हसल्या. एकीनं विचारलं, कोन हे मेली? मी पुन्हा ओरडलो. घोळका हसत पुढे गेला. मागून येणारी एक मात्र रस्त्याच्या मधोमध थांबली. वळली नाही, गाठोडंही खाली ठेवलं नाही. नुसती उभी. पुढच्या बायकांनी तिला हाक मारली, ती दुसऱ्याच नावानं. तुमी व्हा पुढं, काटा रुतला, असं तिनं सांगितलं.

त्या वळणाआड गेल्या तेव्हा ती माझ्याकडे आली. वीसेक वर्षांची पोर, कपाळावर कापसाचे तंतू चिकटलेले. मी पार्सल पुढे केलं. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही.

"आनखी एकदा म्हना," ती म्हणाली.

पार्सल घ्या आधी, असं मी काहीतरी पुटपुटलो.

"तीन वर्षं झाली," ती म्हणाली. "त्या दिवशी तुमी घरी आलते तवा आतून आयकलं. ओ द्याची लय इच्छा झाली. पन सासूपुढं त्या नावाले ओ कशी देऊ?"

तेवढ्यात मागून, ताडपत्रीतून, ते नाव आलं. मी ओरडलो होतो तसं नाही. घरात, चुलीजवळ बसलेल्या पोरीला बाप हाक मारतो तितक्याच आवाजात. तिच्या डोक्यावरचं गाठोडं खाली पडलं.

मामा उतरेनात. मी जाऊन ताडपत्री वर केली आणि भडकलोच. "उंबऱ्यावर पाय ठेवनार नाही म्हनाले होते ना? हे सडक काय त्यायचा उंबरा हाय?" तेव्हा उतरले. मी पुलाच्या कठड्यावर दोघांकडे पाठ करून बसलो. मागे काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, आणि मी कान दिला नाही. ती रडत होती एवढं कळत होतं. थोड्या वेळानं ती पार्सल कापसाच्या गाठोड्यात दडवून गावाकडे निघाली. वळणाशी थांबली, मग गेली.

परतीच्या वाटेवर मामांनी मला तिचं सासरचं नाव सांगितलं. दोनतीनदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं आणि म्हणाले, "नाही बसत जिभेवर." गोदामाशी उतरताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. पुढल्या दसऱ्याला याल ना, असं मी विचारणार होतो. विचारलं नाही. ज्यासाठी ते येत होते ते काम झालं होतं, हे मलाही कळत होतं. ते आले नाहीत. नंतर कधी दिसलेही नाहीत.

संक्रांतीनंतरच्या पहिल्या खेपेला मी एकटाच होतो. बडनेरा मागे पडलं, दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली पऱ्हाटी उभी. त्या रस्त्यावर मला सगळे पार्सलवाले म्हणायचे, गोदामात डायवर. नावानं हाक मारणारी आई होती, ती गेली. बायको रीतीप्रमाणे माझं नाव कधी घेतच नसे. आता आपलं नाव घेणारं जगात कोण उरलं, असा विचार मी करत होतो आणि एकही माणूस आठवेना. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी माझं नाव मोठ्यानं घेतलं, अगदी अरे लावून. इंजिनाचा आवाज फार होता. मी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि पुन्हा एकदा घेतलं.