अंकलच्या ब्रशाची मूठ

एका बाईने दाढीचे जुने ब्रश जमवावेत, याचं आता आमच्या फणसवाडीत कुणाला नवल वाटत नाही. रिटायर झाल्यावर माझ्या मैत्रिणी भजनी मंडळात गेल्या, मी चोरबाजारात. केस झडलेला, साबणाचे थर चढलेला ब्रश दिसला की मला राहवत नाही. घरी आणून तो व्हिनेगरच्या पाण्यात बुडवायचा, केसांचा जुना झुपका उपटून नवा चिकटवायचा आणि मूठ अशी घासायची की आत्ताच दुकानातून आणली वाटावी. नवरा म्हणतो, "दाढी करणारा घरात मी एकटा, आणि ब्रश चाळीस!" तो स्वतः मशीन फिरवतो, त्यामुळे या विषयात मी त्याला विचारत नाही.

एका सकाळी मागच्या वाडीतल्या आंटी रुमालात गुंडाळलेला ब्रश घेऊन आल्या. अंकलना अर्धांगाचा झटका येऊन दोन महिने झाले होते. बोलणं सुधारलं होतं, पण उजवा हात लुळाच होता. ज्या माणसाला मी तीस वर्षांत एकदाही दाढी वाढलेला पाहिला नव्हता, तो आता भेटायला आलेल्यांना दारातूनच परत पाठवत होता. चर्चला जाणं बंद झालं होतं. न्हाव्याला बोलावलं तर त्याच्यावर ओरडले.

"मलापण हात लावू देत नाय गं," आंटी म्हणाल्या. "बोलतो, मी काय लहान पोर आहे? डावा हात तर चालतोय त्याचा. तू हा नीट करून दे. आवडता ब्रश आहे, बघून तरी बसेल."

ब्रश जुना, जाड प्लास्टिकचा होता. मूठ पिवळी पडलेली, मधे बारीक, अंगभर ओरखडे. मी त्यावर जीव ओतून काम केलं. नवा मऊ झुपका बसवला. मुठीवरचा शेवटचा ओरखडासुद्धा पॉलिश पेपरने घालवला. चौथ्या दिवशी मी तो मोठ्या तोऱ्यात घेऊन गेले.

अंकलनी तो डाव्या हातात घेतला, पाण्यात बुडवला आणि ब्रश सुळकन निसटला. पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा तो बेसिनखाली गेला.

"शोकेसमध्ये ठेव," अंकल म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

खरं सांगते, मला आधी रागच आला. चार दिवस बोटं सोलून घेतली आणि वर हे ऐकायचं! ब्रश उचलून तरातरा घरी आले. हात धुवायला गेले, नळाखाली ब्रश धरला, तर माझ्या धडधाकट हातातूनही तो सटकला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ज्या ओरखड्यांना मी खोट समजून घालवलं, त्यांच्यावरच तर हाताची पकड बसायची. त्या माणसाच्या हातात आधीच जोर नाही, आणि मी त्याला काचेसारखी गुळगुळीत मूठ नेऊन दिली. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुपारी मी धोबीतलावला खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले आणि बॅटच्या दांड्यावर चढवतात ती रबरी ग्रिप आणली. काळी, खवल्याखवल्यांची. जुन्या मुठीवर बाहेरून काहीही चढवायचं नाही, असं मीच सगळ्यांना नाकाने कांदे सोलत सांगत असते. तरी ग्रिपचा तुकडा कापला, मधल्या बारीक भागावर दोरा गुंडाळून तो फुगवला आणि वर रबर चढवलं. ब्रश इतका विद्रूप दिसत होता की नवऱ्याने चेष्टासुद्धा केली नाही.

दुसऱ्या दिवशी अंकलनी तो हातात घेऊन दाबून पाहिला. "ही तर बॅट झाली," ते म्हणाले. पण या वेळी ब्रश पडला नाही. त्यांनी फेस काढला, गालाला लावला, हनुवटीला लावला, थोडा कानातही गेला. बनियन भिजली. आंटी मधे काही बोलतील म्हणून मी त्यांचा हात धरून ठेवला होता.

मग त्यांनी रेझर उचलला. डावा हात गालापाशी गेला आणि थरथरायला लागला. एकदा खाली घेतला, पुन्हा वर नेला. बराच वेळ ते आरशात स्वतःकडे बघत राहिले. मग त्यांनी रेझर आंटींपुढे धरला.

आंटींचे डोळे भरून आले होते, पण आवाज नेहमीचाच करडा होता. "हलू नको हां. हनुवटी वर कर."

अंकलनी डोळे मिटले आणि हनुवटी वर केली.