फ्रेममधला इंग्रजी कागद

मी चौथीपर्यंतच शिकलो, पण इंग्रजीचं विशेषण म्हणजे काय, हे मले कोणी सांगायची गरज नाही. उमरखेडकडच्या एका शाळेत मी शिपाई होतो. घंटेखालचं माझं स्टूल आठवीच्या वर्गाला लागूनच. इंग्रजीचे सर दरवर्षी तोच धडा शिकवत, "नाम म्हणजे उघडा माणूस, विशेषण म्हणजे त्याचं धोतर. नुसतं 'मॅन' म्हटलं तर कोणीही. 'ऑनेस्ट मॅन' म्हटलं की लोक उठून खुर्ची देतात." पोरं हसत. मी बाहेर बसून पाठ करी. ऑनेस्ट, पंक्च्युअल, हार्डवर्किंग.

मी रिटायर झालो तेव्हा याच सरांनी मले इंग्रजीतला कागद दिला. देण्याआधी सगळ्यांसमोर मराठीतून वाचून दाखवला. प्रामाणिक, मेहनती, वेळेचा पक्का. पहिल्या रांगेत माझी बायको पदरानं डोळे पुसत होती. कागद फ्रेम करून बैठकीत लावला. आल्यागेल्याला मी बोट ठेवून सांगायचो, यात तीन विशेषणं आहेत.

यंदा नातीला शाळेतून अभ्यास आला. घरातला कोणताही इंग्रजी कागद घ्यायचा अन् त्यातली विशेषणं लिहून न्यायची. मीच फ्रेम उतरवून दिली.

"आबाजी, याच्यात तं एकबी नाही."

"नीट पाह्य."

"शिपाई म्हणून या शाळेत होते, अन् पुढं नोकरीची सालं. बस. खाली सही."

अजून दोनदा मोठ्यानं वाचायला लावलं. ऑनेस्ट असतं तर माझ्या कानातून सुटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी यवतमाळची एसटी धरली. सर आता तिथंच जवळ लोहाऱ्याला राहतात. फ्रेम त्यांच्यासमोर ठेवली.

"सर, वाचलं एक अन् लिहिलं एक. काहून?"

त्यांनी चष्मा लावून पाहिलं अन् हसले. "अरे, घाईत टाईप करून घेतला होता. तोंडानं बोललो ना सगळं? अन् तुला कुठं वाचता येणार होतं."

त्यांनी कोरा कागद ओढला. "बोल, कोणती टाकू? पाच टाकतो."

"राहू द्या. मी सांगावं अन् तुम्ही लिहावं, त्याले काय अर्थ हाय?"

"चहा तरी घे."

"नको."

फ्रेम तिथंच ठेवून निघालो. बायकोनं विचारलं तेव्हा सांगितलं, काच फुटली म्हणून दुकानात टाकली. नातीलाही गप्प राहायला लावलं. बायको अजून अधूनमधून विचारते, कधी आणणार.