करंजाच्या तेलाचा हात

मला मूल नव्हतं आणि माझ्या धाकट्या जावेला तीन होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे एका म्हाताऱ्या कुत्र्यावरून मी एवढी का जळले, हे पुढे कुणी विचारायला नको.

आमचं घर कोपरीला, खाडीच्या अंगाला. मिठागर एकच, पण घरात चुली दोन झालेल्या. अंगण, विहीर आणि सासूबाई तेवढ्या सामाईक राहिल्या होत्या. वाटणी झाल्यापासून मी जावेच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता, आणि तीही आपणहून माझ्याकडे येत नसे.

आमचे हे मिठानं भरलेला पडाव खाडीतून हाकत कल्याणच्या बंदराला जायचे. तिथल्या पांजरपोळात गुरांना मीठ लागे, ते आमच्याकडून जाई. एकदा ते परतले ते गोणपाटात कुत्रं गुंडाळूनच. म्हातारं, एका डोळ्यात फूल पडलेलं, मागचा पाय आखडलेला, अंगभर खरूज, आणि तोंडात दात म्हणाल तर नावाला. म्हणाले, "तिथली दांडगी कुत्री याला भाकरीपर्यंत पोचू देत नाहीत. कुणी घरी नेलं तर जगेल म्हणतात. तू बघशील का याच्याकडे?"

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण कशासाठीही त्यांनी मला असं विचारलं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं.

सासूबाईंनी नाक मुरडलं. पण तोडही त्यांनीच काढली. आमचं कुलदैवत खंडोबा. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की पहिला घास कुत्र्याचा, आणि ते खाईपर्यंत घरात कुणी पानाला हात लावायचा नाही, ही आमची रीत. सासूबाई म्हणाल्या, "षष्ठीला यानं नैवेद्य खाल्ला तर देवाला मान्य आहे असं समजू. नाही खाल्ला तर पुढच्या पडावानं परत पाठवायचं."

मग मी पदर खोचला. रोज सकाळी करंजाचं तेल कोमट करून त्यात गंधक घालायचं आणि त्याच्या अंगाला चोळायचं. ते कण्हायचं, अंग चोरायचं, पण मी कुठली सोडतेय. दुपारी तांदळाची पेज. हळूहळू खपल्या पडल्या, पाठीवर नवी लव दिसायला लागली.

आणि त्या मेल्यानं काय करावं? माझ्या हातची पेज चाटूनपुसून प्यायची, आणि लंगडत लंगडत जाऊन जावेच्या उंबऱ्यावर अंग टाकायचं. तिने त्याच्यासाठी काय केलं होतं म्हणाल, तर येताजाता "काय रे म्हाताऱ्या" म्हणायची. तेवढ्यावर याची शेपटी हलायची. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. सासूबाईंचं कौतुक तिचं, पोरं तिची, खाडीवरचा वारा यायचा तोसुद्धा तिच्याच खिडकीतून. आता हे खरजुलं कुत्रंही तिचंच.

एकदा तोंडावर बोललेच, "अगं, तीन लेकरं पुरत नाहीत का तुला, म्हणून हेही हवं?"

"मी बोलावत नाही हो त्याला, जाऊबाई," ती खाली बघत म्हणाली. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

षष्ठी उजाडली. दोन चुलींची दोन पानं अंगणात मांडायची होती. माझ्या मनात एकच होतं, त्यानं सगळ्यांदेखत माझं पान निवडावं. म्हणून भल्या पहाटे त्याला तेल चोळून तकतकीत केलं, मग आंघोळ केली आणि स्वयंपाकाला लागले. दोघींनी भरीत केलं, रोडगे भाजले. तळी उचलली, येळकोट झाला, आणि यांनी कुत्र्याला पुढे आणलं.

ते आधी माझ्याच पानापाशी आलं. हुंगलं, आणि शेपटी पायात घालून मागे सरलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. करंजाचा वास आंघोळीनं जात नाही. पेज मी पळीनं वाढायची, पण रोडगा हातानं मळलेला, त्यात तो उतरला होता, आणि त्याला वाटलं, आली ही परत चोळायला.

मग ते जावेच्या पानाकडे वळलं. त्यानं रोडगा तोंडात धरला, तो हिरड्यांवरून घसरून खाली पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला. भरताला तोंड लावलं तर मिरची झोंबली, आणि ते मान झाडत बाजूला झालं. पोरं भुकेनं रडवेली झाली होती.

"देवाला नकोय म्हणायचं," सासूबाई यांच्याकडे बघत म्हणाल्या. "पडाव परवा निघतोय ना?"

मी जावेच्या पानासमोर खाली बसले, तिचा रोडगा उचलला, तुकडा मोडून तोंडात घातला आणि चावायला लागले. नैवेद्य उष्टा झाला. जाऊ आपल्या पोरांना दात येईपर्यंत अशीच भरवायची, मी ते माझ्या दारातून कितीदा पाहिलं होतं.

घास मऊ झाला, पण द्यायचा कसा? माझ्या हाताला वास. मान वर न करता मी जावेला म्हटलं, "हात पुढे कर."

तिनं केला. मी घास तिच्या तळव्यावर ठेवला आणि कुत्र्यानं तो खाल्ला. मग दुसरा, मग तिसरा. चावायचं मी आणि भरवायचं तिनं. जळायला तेव्हा फुरसतच नव्हती.

"आत्याबाई, उष्टं झालं," मी सासूबाईंना म्हटलं.

सासूबाईंनी जावेच्या रिकाम्या तळव्याकडे पाहिलं. "त्यानं खाल्लं ना? मग पानं वाढा," म्हणाल्या आणि आत गेल्या.

कुत्रं राहिलं. पोट भरल्यावर उठलं, लंगडत गेलं आणि पडलं ते जावेच्याच उंबऱ्यावर. आता जळायला फुरसत होती, मी पोटभर जळून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेलाची वाटी घेतली, अंगण ओलांडलं आणि तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. जाऊ चुलीवरून उठली आणि तिनं माझ्याखाली पाट सरकवला. मला बघून कुत्रं कुरकुरायला लागलं.

"कुरकुर लेका," मी त्याची पाठ पुढ्यात ओढत म्हटलं. "रोज इथं येऊन चोळणार आहे."