काळे यू-बोल्ट

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी जळगाव जिल्ह्यातल्या सावद्यात, केळी विकणाऱ्या एका सहकारी संस्थेत भांडारपाल होतो. भांडारात दोर, पोती, ग्रीसचे डबे, जुने टायर आणि मी, एवढा माल असे. संस्थेकडे ट्रक एकच होता, पण कागदांच्या माथ्यावर ‘वाहन विभाग’ असे छापलेले होते. या विभागात एक चालक होते. धुळ्याकडच्या खेड्यातले, पन्नाशी गाठलेले. सगळे त्यांना आबा म्हणत. संस्थेच्या अध्यक्षांना नाना म्हणत. ते नसताना दुसरेही काही म्हणत.

रौप्यमहोत्सवाला दोन आठवडे उरले असताना ट्रकच्या मागच्या आसाजवळचा एक यू-बोल्ट तुटला. ट्रकचे सगळे ओझे कमानपाट्यांवर असते आणि ते पाटे आसाला घट्ट बांधून ठेवण्याचे काम हे यू-बोल्ट करतात. एकेका बाजूला दोन, असे मागे चार. तुटलेला बोल्ट गावातल्याच एका लेथवाल्याने साधी सळई वाकवून केलेला होता. आबांनी चारही काढून फेकले आणि एसटीने धुळे गाठले.

आग्रा रोडवरच्या दुकानांत त्यांनी अख्खा दिवस घालवला. परत आले ते पाच यू-बोल्ट पोत्यात गुंडाळून. चार बसवायला, एक शिलकीत. रंगाने काळेकुट्ट, आणि नटांवर बारीक अक्षरात मजबुतीचा दहाचा आकडा ठोकलेला. मी विचारले, "आबा, चकचकीत नाही मिळाले?"

"चकचकीत भांडं घेवानं, भाऊ. बोल्ट नही." त्यांनी माझ्या टेबलावर जुना तुकडा आणि नवा बोल्ट शेजारी ठेवला आणि दोन्हींवर कानस फिरवली. जुन्यात ती चावली, लोखंडाचा चुरा पडला. नव्यावरून नुसती घसरत गेली. "हाऊ काया दिखस, पण हाऊच धरी ठेवस."

त्यांनी बोल्ट बसवले. नवे बोल्ट ओझ्याखाली बसतात, ढिले पडतात, म्हणून पहिल्या खेपेनंतर पुन्हा आवळावे लागतात आणि पुढेही दर आठवड्याला पाना लावून बघावे लागते, हेही त्यांनी मला सांगितले.

पण मध्ये महोत्सव होता. मोठे पाहुणे येऊन केळीने भरलेल्या ट्रकला झेंडी दाखवणार होते. नानांनी ट्रक रंगवायला घेतला. चाके लाल, खालचा सांगाडा रुपेरी. पाहुणे काही ट्रकखाली शिरणार नव्हते, पण नानांचा स्वभाव असा की उद्घाटनाला ते विहिरीचा तळसुद्धा पुसून घेतील. रुपेरी रंगातून वर आलेली बोल्टची काळी टोके त्यांना खटकली.

"हे काय सुतकासारखं? कापा ही टोकं. आणि नटांना वेल्डिंग मारून टाका. परत कधी ढिलेच होणार नाहीत."

आबा ट्रकखालून बाहेर आले. "नाना, वेल्डिंग नका मारू. आगमा त्यानं पाणी उतरी जाई. आनि मंग आवळाले बी येवाव नही."

"अहो, संस्था पंचवीस वर्षं कशी टिकली? एकदा जोडलं ते जोडलं! दर आठवड्याला कोण आवळत बसतं?"

"मी बसस ना."

मंडळी हसली. नानाही हसले, आणि मग वेल्डिंगवाला बोलावला गेला. मी भांडाराच्या दारात उभा होतो. आबांनी एकदा माझ्याकडे पाहिले. पोलादाला दिलेले पाणी तापवले की उतरते, हे मी पुस्तकात वाचलेले होते. मी दोराची गुंडाळी मोजायला आत गेलो.

महोत्सव थाटात झाला. नानांनी ‘अभंग जोडणी’ हे शब्द भाषणात तीनदा वापरले. ट्रकला झेंडी दाखवली गेली, तो फाटकापर्यंत गेला आणि फोटो झाल्यावर मागे आणून उभा केला गेला, कारण केळी अजून विकलीच गेली नव्हती.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, फैजपूरहून माल घेऊन येताना डावीकडचा एक यू-बोल्ट नटाला लागूनच तुटला. दुसऱ्याने एकट्याने ते ओझे किती सांभाळावे? तोही गेला, आस सरकला, आणि ट्रक रस्त्याकडेच्या चारीत कलंडला. आबांचा उजवा गुडघा दरवाजा आणि स्टिअरिंगच्या मध्ये सापडला.

तुटलेले तुकडे जमा करायला माझ्याकडे आले. मी भांडाराचे दार लोटले आणि कानस काढली. शिलकीतल्या पाचव्या बोल्टवरून ती घसरली. तुटलेल्या टोकाजवळ, वेल्डिंगच्या शेजारी, चावली. दोन्ही मी खणात ठेवले.

चौकशी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष नानाच होते. दुसऱ्या कोणाला इतका अनुभव नव्हता. आबा जळगावच्या दवाखान्यात होते. त्यांची नोकरी राहते की जाते, हे माझ्या जबाबावर ठरणार होते, कारण वेल्डिंगच्या वेळी हजर असलेल्या बाकीच्यांना त्या दिवसाचे काही आठवत नव्हते.

"भाऊ, तुम्ही वाचणारे माणूस," नाना म्हणाले. "चार ओळींत लिहा, पाल्हाळ नको. बोल्ट आणले कोणी?"

"आबांनी."

"निवडले कोणी?"

"त्यांनीच. पण नाना, नंतर ते वेल्डिंग—"

"मी काय विचारलं? तेवढंच लिहा. खोटं एक अक्षर लिहू नका. आपल्याला खोटं चालत नाही."

मी लिहिले: बोल्ट चालकाने स्वतः धुळ्याहून निवडून आणले व स्वतः बसवले. खाली सही केली. खणाची किल्ली सगळा वेळ माझ्या खिशात होती. निकृष्ट बोल्ट बसवल्याच्या कारणावरून आबांना कमी करण्यात आले. पुढच्या उन्हाळ्यात खणातला पाचवा बोल्ट आणि तुटका तुकडा, दोन्ही भंगारात गेले. कोणी मागितले नाहीत. मी दाखवले नाहीत.

काही वर्षांनी मी ती नोकरी सोडून जळगावला आलो. एकदा माझ्या स्कूटरच्या पुढच्या शॉकअबसॉर्बरचा बोल्ट झिजून खडखडू लागला. बाजारातून नवा घेतला आणि बसवून घ्यायला पिंप्राळ्यातल्या एका टपरीवर थांबलो. ठेंगण्या स्टुलावर, एक पाय सरळ लांब करून, आबा बसले होते.

"या, भाऊ," ते म्हणाले. मी आणलेला बोल्ट त्यांनी उजेडात धरला. छान चकचकीत होता. त्यांनी त्यावर कानस ओढली, चुरा फुंकला आणि बोल्ट भंगाराच्या डब्यात टाकला. दुसऱ्या डब्यातून एक काळा काढला, तोही कानशीने तपासला आणि बसवायला घेतला. मी काहीतरी बोलायला हवे होते. गुडघा कसा आहे, एवढे विचारले.

"शे." आहे, एवढेच. मग नट आवळता आवळता, मान वर न करता ते म्हणाले, "तुम्ही लिखेल कागद माले वाची दाखाडा व्हता. त्यामा खोटं काहीच नव्हतं."

मग चिंधीला हात पुसले. "आठ दिवसमा या. परत आवळना पडी."

आठ दिवस झाले, पंधरा झाले. स्कूटर पुन्हा थोडी वाजू लागली, तेव्हा मी ती स्टेशनजवळच्या एका मेकॅनिककडे नेली. त्याने पाना लावून बोल्ट पाव फेरा आवळला आणि वाकून नीट पाहिला.

"माल चोख घातलाय, साहेब. कोणाकडून बसवला?"

"आठवत नाही," मी म्हणालो.