माहेरची गव्हाण

आमचे मामा बाजारात गव्हाण बघायला गेले की आधी गुडघ्यावर बसत, मग दोन्ही हात जमिनीला टेकत आणि मग चक्क गव्हाणीत तोंड घालत. मामा म्हणजे माझे सासरे. साठीला टेकलेला, पांढऱ्या मिशांचा, धोतर-टोपीतला माणूस औशाच्या आठवडी बाजारात भर गर्दीत असा गुरासारखा उभा राहिला की लोक वाट सोडून बाजूला होत. मामांना त्याचं काही नसे. ते आतल्या आत मान फिरवून बघत, काठ गळ्याला कुठं रुततो ते बघत, नाक तळापर्यंत पुरतं का बघत आणि सगळ्यात शेवटी जीभ काढून तळ चाटत. मग उठून धोतर झटकत नि विकणाऱ्याला सांगत, "न्हाई जमत. मलाच जमंना, तर गाईला काय जमंल?" विकणारा बिचारा कपाळाला हात लावून बसे.

वस्तू पारखायची ही खोड फक्त गव्हाणीपुरती नव्हती. कुदळ असो, कंदील असो की पायातली वहाण, मामा ती ठोकून बघत, वाकवून बघत आणि विचारत, "किती सालाची हाय?" एकदा लातूरच्या दुकानात त्यांनी बॅटरी टिकाऊ आहे का म्हणून फरशीवर टाकून बघितली. ती फुटली. दुकानदार भांडायला उठला तर हेच त्याला म्हणाले, "इथं फुटली ते बरं झालं की. माझ्या घरी फुटली असती तर तुझं नाव खराब झालं असतं." मला बघायला नांदेडला आले तेव्हा त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. आमच्या बैठकीतल्या खुर्चीचे पाय तेवढे हलवून बघितले आणि "घर पक्कं हाय" म्हणून पसंती कळवली. माझं लग्न खुर्चीच्या पायांवर ठरलं असं मी अजून सांगते.

गव्हाणीचा मात्र त्यांना एवढा ध्यास का, हे मला लग्नानंतर कळलं. मामांचे वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या घरी सालगडी होते. त्या घरची गव्हाण झाडायची, शेण काढायचं, वैरण टाकायची, आणि आपल्या घरी साधी शेळीसुद्धा नाही. पुढं मामांनी गायरानातला तुकडा कसायला घेतला, दगड वेचून वेचून त्याचं शेत केलं, आणि आमच्या घरात पहिली बैलजोडी आणली. देवणी जातीची, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. मागून एक गायही आली. बुद्धजयंतीला घर सारवायचं तर मामा आधी गोठा सारवत आणि मग घराकडं वळत. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणत, "ह्यांचा जीव आमच्यात न्हाई, दावणीला हाय." मामा ते नाकारत नसत.

मी सून होऊन आले तेव्हा लातूर नवाच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून ओला होता म्हणा ना. आमच्या ह्यांना तिथंच कारकुनाची नोकरी लागली, त्यामुळं घरात नव्या जिल्ह्याचं भारी कौतुक. पण पावसानं सलग पाठ फिरवली. ज्वारी पोटऱ्यात येण्याआधीच वाळली. मामा ओसरीवर बसून आभाळाकडं बघत आणि म्हणत, "जिल्हा नवा झाला, पण पाऊस जुन्याच जिल्ह्यात राहिला वाटतं."

त्या साली आमच्याकडं कडब्याची एकच बनीम उरली होती. बनीम म्हणजे पेंढ्या रचून केलेली मोठी गंजी. ती पुढच्या हिरव्या चाऱ्यापर्यंत पुरली तर जनावरं घरी राहणार, नाहीतर छावणीत जाणार, एवढा साधा हिशेब होता. ह्यांचं म्हणणं, छावणीत सरकारचा चारा आहे, पाणी आहे, पाठवून मोकळे होऊ. मामांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "माझ्या बापाची जिंदगी दुसऱ्याच्या दावणीवर गेली. माझं जनावर जाणार न्हाई."

आता पंचाईत अशी की आमची जुनी बाभळीची गव्हाण वाळवीनं खाल्ली होती आणि तिची एक बाजू पडली होती. जनावर पेंढी ओढायचं, निम्मी खायचं, निम्मी पायाखाली घ्यायचं, आणि एकदा त्यावर पाय पडला की पुन्हा तोंड लावायचं नाही. ते वाया गेलेलं चघळ गोळा करताना मामांचा जीव तुटायचा. तेव्हापासून त्यांनी चांगल्या, टिकाऊ गव्हाणीचा शोध मांडला. लोखंडी टिपाड चिरून केलेली बघितली, तर उन्हानं तापून ओठ भाजतील म्हणाले. सिमेंटची बघितली, तर बैलानं पाय घातला की तडा जाईल. दगडाची उथळ निघाली, लिंबाच्या फळ्यांची कडू लागली. कुणी सांगितलं म्हणून एस.टी.नं कंधारला जाऊन आले आणि हात हलवत परतले. मामी वैतागून म्हणाल्या, "आवं, सून बघायला इतका येळ न्हाई लागला तुम्हाला." मामा म्हणाले, "सून बोलती. काही टोचलं तर सांगंल. गाय कुणाला सांगंल?"

त्याच दिवसांत मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी होते. मामा बाळ बघायला नांदेडला आले, बाळाच्या मुठी उघडून बघितल्या, "मजबूत हाय" म्हणाले, आणि माझ्या वडलांना घेऊन जुन्या बाजारात गेले. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. इस्त्रीची पँट, खिशाला पेन, रस्त्यानं चालतानासुद्धा कडेकडेनं चालणारा माणूस. तिथं भर बाजारात व्याही गुडघ्यावर बसून गव्हाण चाटताहेत म्हटल्यावर दादांची काय अवस्था झाली असेल ते मीच जाणे. घरी येऊन त्यांनी आईला एवढंच सांगितलं, "व्याह्यांना एक चांगली गव्हाण द्यायला हवी. पुन्हा बाजारात जायची वेळ येऊ नये."

आणि त्यांनी खरंच दिली. रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर लिलावात निघाले होते, ते दादांनी घेतले आणि ओळखीच्या सुताराकडून त्यांची गव्हाण करवली. लोखंडी बोल्ट, वीतभर जाड फळ्या, हत्ती बांधला तरी हलायची नाही अशी. मी बाळाला घेऊन सासरी परतले त्या हिवाळ्यातच ती टेंपोतून गावात उतरली. सगळी आळी जमली. आता मामा गुडघ्यावर बसणार, तोंड घालणार, चाटणार, अशी पोरासोरांना खात्री होती. मामा पुढं झाले. काठावरून एकदा हात फिरवला, हाताचा वास घेतल्यासारखं केलं, क्षणभर थांबले आणि खांद्यावरचा गमजा झटकून म्हणाले, "इवायानं पाठविलीय. बघायचं काय त्यात?" आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात. इवायाकडून आलेली वस्तू ठोकून बघत नाहीत, त्यानं सुनेच्या माहेराची परीक्षा घेतल्यासारखं होतं. माझी मान त्या दिवशी ताठ झाली ती बरेच दिवस खाली आली नाही.

हिवाळाभर सगळं ठीक दिसत होतं. आणि नवल म्हणजे बनीम हळूहळू उतरत होती. गोठ्यात काडीचा कचरा नाही. गावातले लोक येऊन रेल्वेच्या गव्हाणीचं कौतुक करून जात. ह्यांनीसुद्धा छावणीचं नाव काढायचं सोडलं. उन्हाळा लागला तसा एक बदल झाला. वैरणीच्या वेळी मामा कुणाला गोठ्यात येऊ देईनात. "मी चारतो, तुम्ही तुमची कामं करा," म्हणत आणि तासन्‌तास आतच बसत. दुपारचं जेवण निवून जाई. हातांना कडब्याच्या पात्यांनी चिरे पडलेले. मामी म्हणाल्या, "वय झालं की माणूस गुरातच रमतो." मीही तेच समजले.

एका दुपारी ते जेवायला आलेच नाहीत, म्हणून मी ताकाचा तांब्या घेऊन गोठ्यात गेले. मामा पालथ्या पाटीवर बसले होते. मांडीवर पेंढी, समोर बैलजोडी आणि गाय अर्धगोल करून उभी. मामा एकेक मूठ कडबा एकेकाच्या तोंडाशी धरत होते आणि लेकरांना घास भरवावा तसं पुटपुटत होते, "हळू. सगळ्याला हाय. तू मघाशी खाल्लंस की." त्यांच्या पाठीमागं माझ्या माहेरची गव्हाण कोरडी ठणठणीत पडली होती.

मला बघून त्यांनी घाईनं पेंढी गव्हाणीत टाकली. "खातेत की," म्हणाले. गाईनं वाकून हुंगलं, जोरात फुंकर टाकली आणि मागं सरली. मी जवळ गेले. फळ्यांतून काळं, चिकट काहीतरी पाझरून उन्हात चकाकत होतं. कुणी सांगितलं नव्हतं, पण मी तांब्या खाली ठेवला, गुडघ्यावर बसले आणि त्या घरची सून असल्यासारखी जीभ लावली. तोंडात नुसती आग झाली.

"थुक आधी," मामा ओरडले. ते माझ्यावर ओरडल्याचं मला एवढंच आठवतं. त्यांनी स्वतः माझ्या हातावर पाणी ओतलं, चूळ भरायला लावली.

"मामा, डांबराचं तेल आहे हे," मी म्हटलं. स्लीपर कुजू नयेत म्हणून त्यांना ते पाजलेलं असतं. "तुम्हाला कधी कळलं?"

"आली त्याच दिवशी. हाताला वास आलता."

"मग बोलला का नाहीत?"

मामा पुन्हा पाटीवर बसले. गाईच्या गळ्याखाली खाजवत म्हणाले, "आधी वाटलं, वास मुरंल. थंडीत खात होते जरा जरा. ऊन लागलं तसं सोडलंच. सोयरीक व्हायच्या आधी काय ते ठोकून बघावं, माय. झाल्यावर न्हाई. इवायाच्या वस्तूत खोट काढली की लोक उद्या तुझ्यात काढतेत."

मला भरून आलं आणि रागही आला. एवढ्यासाठी हा म्हातारा उन्हाळाभर हातानं जनावरं चारतो आहे. मी म्हटलं, दादांना सांगते, ते दुसरी देतील, त्यांना काही वाटणार नाही. मामांनी मला पुरतं बोलू दिलं नाही. "त्या माणसानं उभ्या जिंदगीत कुणाला काही मागितलं न्हाई नि पयल्यांदा काही मोठं दिलं. ते वाया गेलं म्हणून सांगतीस व्हय त्याला? न्हाई सांगायचं. कधीच."

मग मीही एक पाटी पालथी घातली. बाळाला झोळीत टाकायचं आणि गाय माझ्या वाटणीला घ्यायची, असं ठरून गेलं. मामींना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी आम्हा दोघांना यथेच्छ बोलून घेतलं, "येडं घर हाय हे," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी आपली पाटी घेऊन आल्या. मला तेव्हा पहिल्यांदा त्या घरातलं झाल्यासारखं वाटलं. हातानं चारलेल्या वैरणीतली एक काडी पायाखाली जात नाही, त्यामुळं बनीम पुरली. बैलांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या, पण उशिरा का होईना बांधाला हिरवं आलं तेव्हा ती तिघं आमच्याच दावणीला उभी होती. मामा त्या दिवशी त्यांच्यापुढं गवताचा भारा टाकून बराच वेळ पाठमोरे उभे राहिले, आणि आम्ही दोघी त्यांना हाक न मारता घरात आलो.

पुढं मामांनी दगड-मातीची गव्हाण स्वतः बांधली. रेल्वेची गव्हाण अंगणात आणून तिच्यात गोवऱ्या भरल्या. दादा यायचे असले की गोवऱ्या काढायच्या, ती गोठ्यात न्यायची, तिच्यात कडबा टाकायचा आणि गाईला शेजारी बांधायचं, असा आमचा बेत असे. दादा येताच विचारत, "काय व्याही, गव्हाण कशी आहे?" मामा म्हणत, "तोड न्हाई, इवाई. दुष्काळात एक काडी वाया गेली न्हाई." गाय तोंड फिरवून दुसरीकडं बघत असे. "पोट भरलंय तिचं," मामा सांगत. मी आणि मामी चुलीपाशी पदरात तोंड खुपसून हसत असू.

मामा गेले ते फार न दुखता, दोन दिवसांच्या तापानं. पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्या माणसासाठीच्या बुद्धवंदनेला, नांदेडहून दादा आले. त्यांना आता नीट दिसत नव्हतं, काठी टेकत चालत. वंदना झाली, लोक पांगले, आणि ते ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसले. मग हळूच म्हणाले, "फार मोठ्या मनाचा माणूस. मी काय दिलं गं या घराला? एक ती गव्हाण. तेवढी तरी त्यांच्या कामी आली ना?"

हे विचारलं की उत्तर द्यायला मामा असत. मी दाराकडं बघितलं आणि मग माझ्या लक्षात आलं की आता मलाच बोलायचं आहे. "आली, दादा," मी म्हटलं, "तिच्यामुळंच तर जनावरं घरी राहिली." आणि इतके दिवस घरच्या कामांत अडवून धरलेलं रडू मला तिथं फुटलं. दादा गडबडले, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मामी उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि दादांना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं म्हणाल्या, "लई कामी आली, इवाई."