दरबाराला उशीर

लिंबू पिळलेल्या कोऱ्या चहाचा वास आला की मला अमेरिकेतल्या एडिसनमधली ती दुपार आठवते. आमच्या मराठी मंडळातल्या एका काकूंनी रशियाच्या राणीच्या खासगी आयुष्यावर कादंबरी लिहिली होती आणि वाचनाला घरी बोलावून, रशियन पद्धतीचा म्हणून तो कडू चहा पाजला होता. गळ्यात मोत्यांचे सर घालून, आपण झारच्या घराण्यातल्याच आहोत अशा थाटात त्या बसल्या होत्या. राणीचं मूल पोटातच गेलं तो प्रसंग त्यांनी गहिवरून वाचला. राणी रडतेय आणि झार हातमोजे चढवत म्हणतो, "आवर आता, दरबाराला उशीर होतोय." बायकांनी डोळे टिपले. माझ्या शेजारची मैत्रीण मात्र पांढरीफटक पडली. आदल्या वर्षी तिचंही मूल असंच गेलं होतं, आणि तेव्हा रोज डबा घेऊन येणाऱ्या याच काकूंजवळ ती मन मोकळं करायची. ती उठून म्हणाली, "काकू, दरबार नव्हता तो. ऑफिसची मीटिंग होती." सगळे मागे बसलेल्या तिच्या नवऱ्याकडे बघायला लागले, तो कपात बघत राहिला. काकू गोड हसल्या. "अगं, फिक्शन आहे ते! इतकं पर्सनली नाही घ्यायचं." मैत्रीण कोट उचलून एकटीच बाहेर पडली, आणि मी तिच्यामागे धावले. आता काकूंची दुसऱ्या राणीवर कादंबरी येतेय म्हणे. परवा फोनवर फार मायेनं विचारत होत्या, "घरी सगळं ठीक ना गं?" मी म्हटलं, "इथे बर्फ पडतोय," आणि फोन ठेवला.